सेंटिनेल-१च्या सागरी प्रतिमा: पट्टे, काळे डाग, सरकलेली जहाजं आणि न जुळणारा वारा

सेंटिनेल-१ या युरोपीय रडार उपग्रहाच्या, कोकणासमोरच्या अरबी समुद्राच्या प्रतिमा वापरणाऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा त्याच असतात. प्रतिमेत उभे पट्टे दिसतात. काढलेला वारा बॉयच्या (समुद्रात नांगरलेल्या, तरंगत्या मोजणी-यंत्राच्या) नोंदीशी जुळत नाही. तेल म्हणून दाखवलेला काळा डाग पुढच्या फेरीत नाहीसा होतो. जहाज एकीकडे आणि त्याने पाण्यावर उठवलेला माग दुसरीकडे. या सगळ्यांवर सर्रास एकच उपाय सांगितला जातो, तो म्हणजे फिल्टर लावा. फिल्टरने प्रतिमा डोळ्यांना गुळगुळीत दिसते. चूक मात्र तिथेच राहते आणि मग ती ओळखणंही अवघड होऊन बसतं.

आधी दोष कुठला आहे ते ठरवावं आणि मग हत्यार उचलावं, असं माझं ठाम मत आहे. तो उपकरणातला असू शकतो, आपल्या प्रक्रियेतला असू शकतो किंवा समुद्रातला असू शकतो. समुद्रातला असेल तर तो दोष नसतोच. ती माहिती असते आणि ती पुसून टाकली तर नुकसान आपलंच.

हे ठरवायला एक साधी कसोटी आहे. एकाच उपग्रहाच्या एकाच मार्गावरच्या, म्हणजे १२-१२ दिवसांच्या अंतराने घेतलेल्या तीन-चार प्रतिमा एकावर एक ठेवा. संशयास्पद खूण प्रत्येक प्रतिमेत चौकटीच्या त्याच भागात, डाव्या-उजव्या कडेपासून तेवढ्याच अंतरावर येत असेल तर ती उपकरणाची किंवा प्रक्रियेची. ती नकाशावरच्या ठरावीक जागेला चिकटून असेल, पण भरती-ओहोटीप्रमाणे कमी-जास्त होत असेल, तर ती तळाची आणि प्रवाहाची. आणि कशालाच बांधलेली नसेल तर ती वाऱ्याची, पावसाची किंवा पाण्यावरच्या तवंगाची. पुढचे सगळे उपाय या उत्तरावर अवलंबून आहेत.

रडारला समुद्रात नेमकं काय दिसतं

सेंटिनेल-१चं रडार ५.४०५ गिगाहर्ट्झवर (सी बँडमध्ये) चालतं, म्हणजे तरंगलांबी साधारण साडेपाच सेंटिमीटर. समुद्रावर ते तिरपं पाहतं. आयडब्ल्यू या प्रतिमा घेण्याच्या पद्धतीत हा आपाती कोन (किरण आणि उभी रेषा यांच्यातला) जवळच्या कडेला सुमारे २९ अंश आणि लांबच्या कडेला सुमारे ४६ अंश असतो. परतणारा संकेत मुख्यतः त्या लाटांकडून येतो ज्यांची लांबी रडारच्या तरंगलांबीला कोनाच्या ज्येच्या (साइनच्या) दुपटीने भागल्यावर मिळते. हिशेब केला तर साधारण चार ते पावणेसहा सेंटिमीटरच्या बारीक लहरी येतात. मोठ्या लाटा, प्रवाह, तेल, पाऊस, वारा यांतलं काहीही रडारला थेट दिसत नाही. त्यांनी या बारीक लहरींचं जे केलं तेवढंच दिसतं. तेलाने त्या दबतात, वाऱ्याने उठतात, प्रवाहाने कुठे गोळा होतात तर कुठे विरळ होतात. प्रतिमेतली प्रत्येक खूण वाचताना हे मनात असावं, कारण एकाच गडद छटेमागे पाच वेगवेगळी कारणं असू शकतात.

उभे पट्टे आणि सबस्वाथच्या शिवणी

आयडब्ल्यूची २५० किलोमीटर रुंद प्रतिमा तीन सबस्वाथ, म्हणजे शेजारशेजारच्या पट्ट्या, जोडून बनते. या तिघांचा थर्मल नॉइज (उपकरणाचा स्वतःचा खोटा संकेत) वेगवेगळा असतो. जमिनीवर तो लक्षात येत नाही, कारण तिथला संकेत त्याच्या पुष्कळ वर असतो. समुद्रावर, विशेषतः व्हीएचमध्ये (उभ्या ध्रुवणाची लहर पाठवून आडव्या ध्रुवणात परत घेतलेला संकेत, म्हणजे क्रॉस ध्रुवण), परिस्थिती उलटी असते. उपकरणाच्या नॉइजची मोहिमेत ठरवलेली कमाल पातळी उणे २२ डेसिबल आहे. प्रत्यक्ष उपकरण त्याहून शांत आहे, पण मंद ते मध्यम वाऱ्यात समुद्राचा व्हीएच संकेत त्या शांत पातळीच्याही आसपास किंवा खालीच असतो. म्हणजे तेव्हा व्हीएचमध्ये दिसणारं चित्र बरंचसं उपकरणाचं स्वतःचं असतं आणि सबस्वाथ जिथे जुळतात तिथे पायरी दिसते.

स्नॅप या युरोपीय अवकाश संस्थेच्या प्रक्रिया-प्रणालीत थर्मल नॉइज काढण्याची क्रिया कॅलिब्रेशनच्या (आकड्यांच्या प्रमाणीकरणाच्या) आधी करायची. हा क्रम चुकला की पुढचं सगळं चुकतं. मार्च २०१८पासूनच्या उत्पादनांत नॉइजची माहिती अ‍ॅझिमथ, म्हणजे उपग्रहाच्या वाटचालीच्या, दिशेनेही दिलेली असते. त्यामुळे अ‍ॅझिमथ दिशेला ठरावीक अंतराने येणारे उजळ-गडद आडवे पट्टेही बऱ्यापैकी जातात. त्याआधीच्या प्रतिमांत ही माहिती फक्त रेंज, म्हणजे रडारच्या नजरेच्या, दिशेची असते. लांब कालखंडाची मालिका तयार करत असाल तर २०१८च्या आधीच्या आणि नंतरच्या व्हीएच आकड्यांची सरळ तुलना करू नका. त्यात दिसणारा बदल समुद्राचा नसून नोंदपद्धतीचा असू शकतो.

नॉइज वजा केल्यावरही शिवण उरली तर सबस्वाथप्रमाणे नॉइजला एक गुणक लावावा लागतो. ध्रुवीय बर्फाच्या कामात ही अडचण सर्वांत आधी टोचली, कारण तिथे ४०० किलोमीटरची ईडब्ल्यू पद्धत आणि क्रॉस ध्रुवण हेच रोजचं साधन आहे. नॉर्वेच्या नान्सेन केंद्रातल्या संशोधकांनी असे गुणक शोधण्याची पद्धत २०१८मध्ये मांडली. आपल्याकडेही तिचं तत्त्व उपयोगी पडतं. शिवणीच्या दोन्ही बाजूंना एकसारखा समुद्र असलेल्या पुष्कळ प्रतिमा घ्यायच्या आणि पायरी शून्य होईल असा गुणक काढायचा. एकाच प्रतिमेवरून मात्र तो काढू नका. त्या दिवशी शिवणीजवळ खरोखरच वाऱ्याची सीमा असली तर ती तुम्ही पुसून टाकाल.

इथे एक बारीक गोष्ट आहे, पण तिच्याकडे फार दुर्लक्ष होतं. नॉइज वजा केल्यावर काही पिक्सेल ऋण होतात आणि प्रणाली त्यांना शून्य किंवा अगदी छोटी धन किंमत देते. यानंतर सरासरी काढली की ती वाढीव येते, कारण ऋण बाजू कापली गेली आणि धन बाजू तशीच राहिली. म्हणून मंद वाऱ्यातल्या व्हीएचवर काम करताना आधी मोठ्या चौकोनावर सरासरी घ्यावी, नॉइजचीही त्याच चौकोनावर घ्यावी आणि मग वजाबाकी करावी. थोडा कोड लिहावा लागतो, तयार बटण मिळत नाही. पण व्हीएचचा आकडा वापरायचाच असेल तर याला पर्याय नाही.

समुद्रच गायब झाला, किंवा सगळं शंभर मीटर सरकलं

टेरेन करेक्शननंतर (उंचसखलपणा धरून प्रतिमा नकाशावर बसवल्यावर) जमीन उरली आणि समुद्र रिकामा झाला, ही तक्रार नवख्यांची नेहमीची. स्नॅपच्या त्या खिडकीत ‘मास्क आउट एरियाज विदाउट एलिव्हेशन’ हा पर्याय आधीपासून चालू असतो आणि समुद्रावर उंचीची नोंद नसते. ती खूण काढा. एवढंच.

दुसरी अडचण यापेक्षा रंजक आहे आणि ती आपल्या किनाऱ्यावर जास्त जाणवते. गणितातला दीर्घवर्तुळज (पृथ्वीचा गुळगुळीत, किंचित चपटा आदर्श आकार) आणि खरी समुद्रसपाटी यांत जगभर फरक असतो. हिंद महासागरात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, तो जगात सर्वांत जास्त, उणे शंभर मीटरच्याही पलीकडे आहे. मुंबईसमोर समुद्रसपाटी दीर्घवर्तुळजाच्या साठ-पासष्ट मीटर खाली आहे. प्रक्रियेत समुद्राची उंची शून्य धरली, म्हणजे पाणी दीर्घवर्तुळजावरच आहे असं मानलं, तर रडार तिरपं पाहत असल्याने प्रत्येक बिंदू रडारपासून लांब सरकतो. जवळच्या कडेला ही चूक सुमारे ११० मीटर, लांबच्या कडेला साठ-पासष्ट मीटर. दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये हे सहा ते अकरा पिक्सेल झाले.

तुमच्याकडे हे होतंय का, ते तपासायला सकाळच्या उतरत्या फेरीची आणि संध्याकाळच्या चढत्या फेरीची प्रतिमा शेजारी ठेवा आणि त्यांत पाण्यातला एखादा बुटका खडक पाहा. सकाळी रडार पूर्वेकडून पश्चिमेकडे पाहतं, संध्याकाळी पश्चिमेकडून पूर्वेकडे. चूक असेल तर खडक दोन प्रतिमांत विरुद्ध दिशांना सरकलेला, म्हणजे फरक जवळपास दुप्पट दिसेल. उपाय म्हणजे प्रक्रियेला जिऑइडची, म्हणजे खऱ्या समुद्रसपाटीची, उंची द्या. अचूक कक्षेची फाइलही जोडा, पण तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. जीआरडी (जमिनीवरच्या अंतरात मांडलेल्या तयार) प्रतिमेसोबत आलेली कक्षाही सागरी कामापुरती चांगलीच असते. अचूक फाइल येण्यासाठी सुमारे २० दिवस थांबून राहण्याची गरज इंटरफेरोमेट्रीवाल्यांना (दोन प्रतिमांतल्या कलेच्या फरकावरून हालचाल मोजणाऱ्यांना) आहे, तवंग शोधणाऱ्याला नाही.

सरासरी डेसिबलमध्ये काढू नका

रडार प्रतिमेत स्पेकल, म्हणजे मीठ-मिरी टाकल्यासारखा ठिपकेदारपणा, असतोच. तो कमी करायला सरासरी घ्यावी लागते आणि सागरी वाऱ्यासाठी ५०० मीटर ते १ किलोमीटरच्या चौकोनावर ती घेणं योग्यच आहे. पण ती रेषीय आकड्यांवर घ्यायची. आधी डेसिबल करून मग सरासरी घेतली तर उत्तर कायम कमी येतं. आयडब्ल्यूच्या उच्च विभेदनाच्या जीआरडीत समतुल्य लुक्स (किती स्वतंत्र नमुन्यांची सरासरी आधीच झालेली आहे तो आकडा) साधारण ४.४ असतात. त्या हिशेबाने ही तूट जवळपास अर्धा डेसिबल भरते. अर्धा डेसिबल किरकोळ वाटतो, पण संकेतातून वारा काढताना त्याचे वाऱ्यात कित्येक टक्के होतात आणि ही चूक नेहमी एकाच दिशेने होत असल्याने कितीही प्रतिमा जमवल्या तरी ती विरत नाही.

ली, रिफाइन्ड ली, गॅमा मॅप हे फिल्टर वाईट नाहीत. तवंगाची कड रेखायची असेल तर ते उपयोगाचे आहेत. वारा काढायचा असेल तर साधी चौकोनी सरासरी पुरते. आणि जहाज शोधायचं असेल तर कुठलाच फिल्टर लावू नका. लहान होडी म्हणजे दोन-तीन उजळ पिक्सेल, फिल्टर त्यांनाच स्पेकल समजून खाली बसवतो.

वारा जुळत नाही

वारा काढायला सीमॉड घराण्यातली सूत्रं वापरतात. सीमॉड५.एन हे त्यांतलं सर्वांत परिचित. संकेत, आपाती कोन आणि वाऱ्याची दिशा दिली की ते १० मीटर उंचीवरचा, तटस्थ हवेशी समतुल्य असा वेग देतं. अडचणी इथेच सुरू होतात.

दिशा प्रतिमेतून मिळत नाही, बाहेरून द्यावी लागते. वारा रडारच्या रेषेत आहे की तिला आडवा, यावर संकेतात काही डेसिबलचा फरक पडतो. हवामान प्रतिमानाची दिशा मोकळ्या समुद्रावर ठीक असते. किनाऱ्याच्या ३०-४० किलोमीटरच्या आत, जिथे सह्याद्री आणि खाड्या वाऱ्याला वळवतात, तिथे ती सर्रास चुकते. प्रतिमेत वाऱ्याच्या समांतर रेषा दिसत असतील तर त्यांच्यावरून दिशा काढा. त्यात १८० अंशांची संदिग्धता राहते, म्हणजे वारा रेषेच्या या टोकाकडून आहे की त्या टोकाकडून ते कळत नाही. तेवढं मात्र प्रतिमानावरून ठरवता येतं. डोंगरांच्या, बेटांच्या आडोशाला तयार होणाऱ्या गडद शेपट्याही दिशा सांगतात आणि त्या १८० अंशांचा प्रश्नही सोडवतात, कारण शेपटी नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगालाच असते.

बॉयशी तुलना करताना उंची विसरली जाते. राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे खोल समुद्रातले बॉय वारा साधारण ३ मीटर उंचीवर मोजतात, सूत्र १० मीटरचा देतं. नेहमीच्या लघुगणकी नियमाने पाहिलं तर १० मीटरवरचा वारा १० ते १२ टक्के जास्त असतो. हे रूपांतर न करता ‘रडार वारा जास्त दाखवतं’ असा निष्कर्ष काढला जातो आणि मग सूत्रातच फेरफार सुरू होतो. शिवाय प्रतिमा हा काही सेकंदांचा क्षण आहे आणि बॉयची नोंद ही काही मिनिटांची सरासरी. त्यामुळे दोन्हींत सुमारे २ मीटर प्रतिसेकंदापर्यंत फरक राहिला तर तो या पद्धतीच्या मर्यादेतला समजा, त्यासाठी प्रतिमा पुन्हा पुन्हा घोळू नका.

पावसात व्हीव्हीच्या (उभ्या ध्रुवणात पाठवून उभ्यातच घेतलेल्या संकेताच्या) वाऱ्यावर विश्वास ठेवू नका. थेंब पाण्यावर आदळून लहरी उठवतात तशा दाबतातही, मुसळधार सरीत हवेतच संकेत कमी होतो आणि सरीखालून चौफेर पसरणाऱ्या थंड हवेमुळे भोवती उजळ कडा तयार होते. जून ते सप्टेंबर या महिन्यांत असा भाग वेगळा काढून ठेवणं हाच उपाय. डॉप्लर हवामान रडारची त्या वेळची प्रतिमा जवळ ठेवली तर हे काम सोपं जातं.

चक्रीवादळात अडचण वेगळीच असते. साधारण २५ मीटर प्रतिसेकंदाच्या पुढे व्हीव्ही संकेत वाढायचा थांबतो. वारा ३० असो की ४०, आकडा जवळपास तोच. व्हीएच मात्र त्यानंतरही वाढत राहतो. म्हणून मे २०२१मधल्या तौक्तेसारख्या वादळात व्हीव्हीवरून वारा काढला तर तो हमखास कमी भरतो. जो व्हीएच मंद वाऱ्यात नॉइजमध्ये बुडालेला असतो तोच इथे आधार होतो, आणि म्हणूनच नॉइज नीट काढण्याची वर सांगितलेली खटपट वाया जात नाही.

काळे डाग: तेल की आणखी काही

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण या चुकीची किंमत मोठी असते. समुद्रातल्या तेलगळतीची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलावर आहे. खोटा इशारा म्हणजे जहाज-विमानाची वाया गेलेली फेरी. आणि हुकलेला इशारा म्हणजे काही दिवसांनी किनाऱ्यावर डांबराचे गोळे. मे-जूनच्या सुमारास, वारं फिरल्यावर, कोकण-गोव्याच्या पुळणींवर असे गोळे येतात. ते तुडवत पर्यटक चालतात, रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यांना ते चिकटतात. त्यांचा उगम शोधण्यात रडार प्रतिमेचा मोठा वाटा असू शकतो, पण त्यासाठी डागाचा अर्थ बरोबर लागायला हवा.

आधी वारा पाहा. तेल दिसण्यासाठी भोवतालचा समुद्र खरखरीत असावा लागतो. वारा २-३ मीटर प्रतिसेकंदाच्या खाली असेल तर तेल नसतानाही सगळंच काळं. वारा १०-१२च्या पुढे गेला की लाटा तवंग फोडून पाण्यात मिसळतात आणि पातळ तेल दिसेनासं होतं. भर पावसाळ्यात अरबी समुद्रावर बहुतेक दिवस वारा या वरच्या मर्यादेजवळ किंवा पुढे असतो. त्यामुळे जुलैच्या प्रतिमेत डाग नाही याचा अर्थ तेल नाही असा होत नाही. अहवालात हे स्पष्ट लिहिलं पाहिजे.

आता हिवाळा. उपग्रह सूर्याशी जुळलेल्या कक्षेत पहाटे-संध्याकाळच्या रेषेवरून फिरतो, त्यामुळे उतरती फेरी आपल्याकडे सकाळी साडेसहाच्या पुढे येते. डिसेंबर ते फेब्रुवारीत ही वेळ मतलई वाऱ्यांची. रात्रभर गार झालेल्या जमिनीवरून, नद्यांच्या खोऱ्यांतून आणि खाड्यांच्या तोंडांतून हे वारे समुद्रावर उतरतात. जिथे ते उतरतात तिथे उजळ बोटं दिसतात, दोन बोटांच्या मधला शांत समुद्र काळा दिसतो. आणि बाहेर, जिथे मतलई वारा दमतो आणि मोकळ्या समुद्रावरचा वारा अजून पोचलेला नसतो, तिथे किनाऱ्याला समांतर असा लांब काळा पट्टा तयार होतो. नेमका तोच तेल म्हणून रंगवला जातो. कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला मतलईची वेळ आणि तिची हद्द माहीत असते. संगणकाला ती सांगितलेली नसते. मी हिवाळ्यातल्या सकाळच्या प्रतिमांत किनाऱ्यालगतचा कुठलाही डाग, त्याची दुसरी खूण मिळाल्याशिवाय, तेल म्हणून नोंदवत नाही. शक्य असेल तिथे संध्याकाळची फेरी पाहतो. तेव्हा खाऱ्या वाऱ्याने समुद्र जागा असतो आणि सकाळचे बरेचसे डाग तिथे नसतात.

तेलाच्या खऱ्या खुणा कोणत्या? जहाजाने चालता चालता सोडलेलं तेल लांब, अरुंद असतं. त्याची एक बाजू धारदार आणि दुसरी पिसासारखी विस्कटलेली असते. रेषेच्या टोकाला बऱ्याचदा उजळ ठिपका, म्हणजे जहाज, सापडतो. तेलविहिरींच्या भोवतीचा डाग मनोऱ्यापासून सुरू होतो आणि प्रवाहाच्या दिशेने रुंदावत जातो. मुंबई हाय परिसरात हे लक्षात ठेवावं लागतं. उलट मंद वाऱ्याचे डाग पसरट आणि हळूहळू विरणाऱ्या कडांचे असतात.

सर्वांत जास्त फसवतात ते जैविक तवंग. फेब्रुवारी ते मे या काळात अरबी समुद्रात ट्रायकोडेस्मियमसारख्या शैवालांचे बहर येतात. त्यांचा आणि मासळीच्या थव्यांचा तेलकट अंश पाण्यावर अगदी पातळ थर बनवतो. बारीक लहरी दाबण्यात तो खनिज तेलाच्या फारसा मागे नसतो. फरक आकारात असतो. जैविक तवंग प्रवाहाच्या भोवऱ्यांप्रमाणे गुंडाळलेले, अनेक समांतर बारीक रेषांचे असतात आणि वारा ५-६ मीटरच्या पुढे गेला की मोडतात. या महिन्यांत आकाश मोकळं असतं, त्यामुळे त्याच दिवसाची सेंटिनेल-२ किंवा ओशनसॅट-३ची रंगीत प्रतिमा जोडीला घ्या. पाणी हिरवट-तपकिरी दिसलं तर निम्मा संशय तिथेच फिटतो. पावसाळ्यात ही सोय नसते, तेव्हा इन्कॉइस या भारतीय महासागर माहिती केंद्राची प्रवाहाची माहिती आणि लागोपाठच्या फेऱ्या यांवरच भिस्त.

अंतर्गत लाटांच्या उजळ-गडद कमानी अंदमान समुद्रात ठळक दिसतात. मुंबईसमोरच्या उथळ खंडमंचावरही त्या दिसतात. एकामागोमाग एक, मागे मागे अंतर कमी होत जाणाऱ्या कमानी दिसल्या तर तेलाचा विचार सोडून द्या.

आणि ठाण्याच्या खाडीत, धरमतरच्या खाडीत किंवा पुढे खंभातच्या आखातात काळा डाग दिसला तर आधी भरती-ओहोटीचं कोष्टक उघडा. उघडा पडलेला गुळगुळीत ओला चिखल रडारला शांत पाण्यासारखाच काळा दिसतो. किनाऱ्याचा (जमीन वगळणारा) मुखवटा भरतीच्या रेषेवर काढला असेल तर ओहोटीच्या प्रतिमेत हा चिखल समुद्राच्या हिशेबात जाऊन बसतो.

स्वयंचलित वर्गीकरण शिकवत असाल तर मुंबईच्या प्रतिमांवर उत्तर समुद्रातलं प्रतिमान जसंच्या तसं बसवू नका. तिथल्या नमुन्यांत मतलई वारे नाहीत, मोसमी पाऊस नाही, ट्रायकोडेस्मियमही नाही. इथले खोटे डाग इथूनच गोळा करावे लागतील. माझ्या मते अचूकता वाढवायला याहून मोठं काम सध्या दुसरं नाही.

सरकलेली जहाजं आणि नसलेली जहाजं

रडार अ‍ॅझिमथ दिशेतली जागा डॉप्लरवरून ठरवतं. जहाज स्वतःच रडारकडे येत किंवा रडारपासून जात असेल तर त्या वेगाचा डॉप्लर जागेच्या हिशेबात मिसळतो आणि जहाज उपग्रहाच्या मार्गाला समांतर सरकतं. सेंटिनेल-१साठी दर मीटर प्रतिसेकंद वेगाला ही सरक साधारण ११० ते १२० मीटर असते. मुंबई बंदराकडे २० नॉटने पूर्वेला येणारं जहाज धरा. तिरप्या नजरेच्या रेषेत त्याचा वेग सुमारे ६ मीटर प्रतिसेकंद, म्हणजे जहाज जवळपास ७०० मीटर सरकलेलं दिसणार. सकाळच्या फेरीत ते दक्षिणेकडे सरकतं, कारण उपग्रह दक्षिणेकडे चाललेला असतो आणि जवळ येणारी वस्तू त्याच्या वाटचालीच्या दिशेने सरकते. पश्चिमेला बाहेर पडणारं जहाज उत्तरेकडे. माग मात्र जागच्या जागी राहतो.

म्हणून एआयएसच्या (जहाजं स्वतःची जागा आणि वेग कळवतात त्या प्रणालीच्या) नोंदी प्रतिमेशी जुळवताना आधी प्रत्येक नोंद तिच्या वेग-दिशेनुसार सरकवा, मगच सर्वांत जवळचा ठिपका शोधा. ही पायरी गाळली तर कायदेशीर जहाजं ‘एआयएस बंद केलेली’ म्हणून यादीत येतात. हा निव्वळ तांत्रिक घोटाळा राहत नाही, त्यावर कुणाची तरी चौकशी सुरू होऊ शकते. उलट माग दिसत असेल तर माग आणि जहाज यांच्यातल्या अंतरावरून जहाजाचा वेग काढता येतो, ही त्यातली चांगली बाजू.

नसलेली जहाजं म्हणजे अ‍ॅझिमथ भुतं. मुंबई शहर, न्हावा शेवा बंदरातल्या क्रेन, मोठी मालवाहू जहाजं यांचा संकेत इतका तीव्र असतो की त्याची फिकी प्रत मार्गाच्या पुढे-मागे, साडेचार ते सहा किलोमीटरवर उमटते. सबस्वाथप्रमाणे हे अंतर बदलतं. शांत समुद्रावर ही प्रत स्पष्ट दिसते आणि शोधयंत्रणा तिला जहाज मानते. प्रत्येक फिक्या ठिपक्यासाठी मार्गाच्या रेषेत तेवढ्या अंतरावर एखादं फार तेजस्वी काही आहे का, ते तपासा. असेल तर तो ठिपका यादीतून काढा.

लहान होड्यांबद्दल वाचकांनी भ्रम ठेवू नये. फायबरच्या, लाकडाच्या छोट्या होड्या दहा मीटरच्या पिक्सेलमध्ये, वारा जोरात असताना, दिसत नाहीत. फिल्टर बदलून, उंबरठा खाली आणून त्या दिसू लागल्या असं वाटत असेल तर वाढलेल्या ठिपक्यांतले किती खरे आहेत ते एआयएस असलेल्या बोटींवर आधी तपासा.

लाटा पुसट किंवा वाकड्या

डॉप्लरचीच गडबड लाटांबाबत होते. पाण्याचे कण वर-खाली होत असल्याने त्यांची जागा सरकते आणि उपग्रहाच्या मार्गाच्या दिशेने धावणाऱ्या, साधारण दीडशे-दोनशे मीटरपेक्षा आखूड लाटा प्रतिमेत पुसल्या जातात. वारा वाढला की ही मर्यादाही वाढते. मोसमी फुगाऱ्याचा, म्हणजे दुरून येणाऱ्या लांब लाटांचा, आवर्तकाळ १० सेकंद असेल तर खोल पाण्यात लाटेची लांबी १५६ मीटर, १२ सेकंद असेल तर २२५ मीटर. म्हणजे पावसाळ्यातल्या बऱ्याच लाटा नेमक्या या काठावर येतात. प्रक्रियेने त्या परत मिळत नाहीत. रडारच्या नजरेच्या दिशेने येणाऱ्या लाटांवर विश्वास ठेवा, आडव्या दिशेच्या लाटांसाठी बॉय आणि लाटांचं प्रतिमान वापरा.

निसारच्या प्रतिमा वापरताना

३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहावर एल आणि एस असे दोन बँड आहेत. एल बँडची तरंगलांबी साधारण २४ सेंटिमीटर, म्हणून ३५ अंशांच्या कोनात त्याला २१ सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरी दिसतात. पातळ तवंग अशा लांब लहरींना कमी दाबतात. त्यामुळे सेंटिनेल-१मध्ये ठळक असलेला डाग निसारच्या एल बँडमध्ये फिका दिसला तर ते निसारचं अपयश समजू नका. दोन्ही बँडांतल्या गडदपणाच्या फरकावरून तवंगाच्या जाडीबद्दल काही सांगता येतं आणि जैविक थर वेगळा काढायला मदत होते. सीमॉडची सूत्रं मात्र सी बँडसाठीच बनलेली आहेत, ती निसारला लावू नका. सी बँडचाच भारतीय पर्याय हवा असेल तर फेब्रुवारी २०२२मध्ये गेलेला ईओएस-०४ आहे. त्याची प्रतिमा वापरताना ध्रुवण एचएच (आडवं पाठवून आडवंच घेतलेलं) आहे की व्हीव्ही ते आधी पाहा. एचएच असेल तर सीमॉडच्या आधी ध्रुवण गुणोत्तर लावावं लागतं, नाहीतर वारा हमखास कमी येतो.